मोरीवरच्या पोराला शिव्या देण्याआधी ग्रीस ट्रॅपचं झाकण उघडा

आज सकाळी दादरच्या एका गल्लीत हॉटेलच्या मागच्या दारी चेंबर तुंबून पाणी वर आलं होतं. पिवळट, मेणासारखे गोळे तरंगत होते आणि भांडी घासणारा पोरगा उघड्या हातांनी, कोपरापर्यंत हात घालून ते उपसत होता. शेठ दारातून ओरडत होते, "उकळतं पाणी ओत! कॉस्टिक टाक!" डोकंच फिरलं.

अहो, उकळत्या पाण्याने चरबी संपत नाही, पुढे सरकते. वनस्पती, लोणी, पामतेल गरम असेपर्यंत पातळ. पुढे गार पाइपात गेलं की तिथेच थिजतं. कॉस्टिक सोड्याने तेलाचा साबण होतो आणि तोही पुढे जाऊन कॅल्शियमबरोबर दगडासारखा धरतो. लंडनच्या व्हाइटचॅपलखाली २०१७ साली असाच २५० मीटर लांबीचा, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. आपल्या गल्लीतला पाइप केवढा, त्यात जुलैचा पाऊस!

ग्रीस ट्रॅप म्हणजे सिंक आणि गटाराच्या मध्ये बसवलेली, तेल अडवणारी पेटी. ट्रॅपमध्ये पाणी संथ होतं, ओशट वर येतं, भात-डाळीचा गाळ तळाशी बसतो आणि मधलं पाणी बॅफलच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या आतल्या पट्टीच्या, खालून बाहेर जातं. काम एवढंच, पण त्यासाठी पाण्याला वेळ मिळायला हवा. ६० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरचं सिंक पाऊण भरलं तर साधारण ६० लिटर पाणी. ते एका मिनिटात रिकामं होत असेल तर मिनिटाला ६० लिटर झेपणारा ट्रॅप हवा. दोन सिंकं एकदम सोडलीत तर दुप्पट. मुंबईत किचनला जागा नसते, मान्य. मग लहान ट्रॅप जास्त वेळा साफ करा ना!

त्या पोराच्या मागे भिंतीला बॅफल टेकवून ठेवलेलं होतं. कोरडं ठक्क, वर धूळ. "पाणी लवकर जातं" म्हणून कुणीतरी काढलेलं. लवकर जाणारच, सगळं तेल घेऊन.

साफ कधी करायचं? वास यायची वाट बघू नका. पारदर्शक नळी तळापर्यंत उभी घाला, वरचं तोंड अंगठ्याने दाबा आणि बाहेर काढा, थर दिसतात. पाणी ४० सेंटिमीटर खोल असेल आणि वरचा थर ६, खालचा गाळ ४ झाला, म्हणजे चौथाई भरली. त्याच्या पुढे थांबायचं नाही. पावभाजी, तंदुरीवाल्यांकडे सिंकखालचा छोटा ट्रॅप तीन-चार दिवसांतच तिथवर येतो.

काम सकाळी, पहिलं भांडं पडायच्या आत करा. रात्रभरात थर घट्ट होतो, उचलायला सोपा. झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटं लांब थांबा, आत सडका वायू असतो. विडी, काडी काही नको. वरचा थर चपट्या पळीने झाकणाच्या पिंपात, मग पाणी उपसून गाळ. भिंती आणि बॅफल प्लास्टिकच्या खरवडणीने, साबणाशिवाय. बॅफल जागेवर, झाकणाचं रबर तपासा. आणि शेवटी ट्रॅप गार, स्वच्छ पाण्याने भरा. हे हमखास विसरतात. रिकामा ट्रॅप पहिलं ओशट पाणी थेट गटारात सोडतो.

निम्मं काम तर मोरीच्या आधीच होतं. ताटातलं खरकटं डब्यात, कढई कागदाने पुसून मग पाण्यात, सिंकला जाळी. तळणाचं तेल मोरीत ओतायचंच नाही. टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेलेलं तेल एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाने वापरता येत नाही. ते वेगळ्या डब्यात साठवून बायोडिझेलवाल्यांना द्या.

जमिनीखालची मोठी टाकी असेल तर माणूस आत उतरवूच नका. पंपाची गाडी बोलवा. खर्च आहे, हो. पण आतल्या वायूने माणूस जागच्या जागी पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

सकाळपासून तो पोरगाच डोळ्यांसमोर येतोय. सतरा-अठराचा असेल. ओरडा खाऊनही बिचारा मुकाट्याने उपसत होता, नखांत पिवळं ओशट. बॅफल का काढलं, कुठे बसतं, हे त्याला कुणी दाखवलंच नसणार. शेठ, उद्या सकाळी अर्धा तास त्याच्या शेजारी बसून दाखवा. आणि झाकण उघडायच्या आधी त्याला रबरी हातमोजे आणून द्या, कोपराच्या वर येणारे.