मानवी सुरक्षेवर विद्यार्थ्यांनी का लिहावं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मानवी सुरक्षा, म्हणजे देशाच्या सीमेऐवजी माणसाच्या रोजच्या जगण्याची सुरक्षितता, हा परदेशी अहवालांतला सैल शब्द आहे, त्यात काहीही कोंबता येतं आणि एम.ए.च्या मुलांना त्यावर लिहायला लावणं म्हणजे त्यांची वर्षं वाया घालवणं, असं तुम्ही माझ्या लेखाखाली लिहिलंत.

शब्द सैल आहे, हे खरं. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी ही कल्पना मांडली, तेव्हाच तिची अन्न, आरोग्य, पर्यावरणापासून राजकीय हक्कांपर्यंत सात अंगं होती. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक रोलँड पॅरिस यांनी तुमच्यासारखाच आक्षेप घेतला. मला तो रास्त वाटतो, पण गावपातळीवर उतरलं की शब्द आपोआप घट्ट होतो.

बीड घ्या. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली; १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आरोग्य खात्याला यात शस्त्रक्रिया दिसते, कामगार खात्याला मजुरी. त्या बाईला मात्र मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा हिशेब एकच. खाडा पडला की दंड. खोपीजवळ पाणी नाही, आडोसा नाही. दुखणं अंगावर काढून काढून ती डॉक्टरकडे जाते आणि तो पिशवीच काढायला सांगतो. कर्ज, पाणी, आजार, मजुरी हे सगळं एकाच शरीरावर येऊन आदळतं, आणि ते जोडून पाहणं कुठल्याच एका खात्याचं काम नसतं. शस्त्रक्रियेनंतर तिची उचल वाढली का? मागे गावात राहिलेल्या मुलीची शाळा सुटली का, लग्न लवकर लागलं का? ऊसतोडीच्या घरातून आलेली विद्यार्थिनी हे जसं विचारेल, तसं बाहेरून आलेल्या अभ्यासकाला विचारता येणार नाही. ही संधी मला फार मोलाची वाटते.

वर्षं वाया जातात ती दुसरीकडे. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांत काढली, तरी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे मुलं अजून वळतात, याचा मला संताप येतो. त्यापेक्षा मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’कडे पाठवावं, लेख छापायला ते पैसे मागत नाहीत. मराठीत ‘साधना’ आहे, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. नकार आला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवावं. मराठीत लिहिलेलं निदान त्या तालुक्यातला शिक्षक आणि आशाताई वाचू शकतील.

तुमच्या ओळखीत असा विषय घेऊ पाहणारं कुणी असेल, तर माझ्याकडे जरूर पाठवा. मुलाखतीआधी बाईंची संमती कशी घ्यायची, नाव आणि गाव कसं झाकायचं, इथपासून मी सोबत बसेन.