कानाचा हिशेब

गणपती जवळ आले की पुण्याहून येणाऱ्या फोनवर दरवर्षीचा वाद सुरू होतो: मिरवणुकीत डीजे असावा की केवळ ढोल-ताशा? पथकात उमेदीची वर्षे घालवलेले काका ढोल-ताशाच्या बाजूचे, धाकटा चुलतभाऊ डीजेच्या. स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरी करणारा मी दोघांचेही ऐकून घेतो, डाव्या कानाने जरा कमी.

डाव्या कानाचे हे उणेपण मला येथेच कळले. जर्मनीत ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाजात काम करणाऱ्याची श्रवणतपासणी सक्तीची असते. माझ्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी डाव्या बाजूला पडलेला खड्डा पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘बंदूक चालवत होतात का?’ उजव्या खांद्याला बंदूक टेकवणाऱ्याचा डावा कान असाच जातो. मी सांगितले की सात वर्षे ढोल वाजवला आणि ताशेवाला नेहमी माझ्या डाव्या हाताला असे.

आतल्या कानातील शंखाकृती नळीत जेमतेम १५ हजार केशपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्यांच्यावरचे सूक्ष्म केस गारपिटीतल्या पिकासारखे आडवे होतात. मार हलका असेल तर ते सावरतात, सकाळी कानातली शिट्टी थांबते आणि आपण निर्धास्त होतो. पण मार वारंवार बसला की पेशी मरते, आणि पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते तशी माणसात उगवत नाही. ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे बारीक आवाज आधी निसटतात, म्हणून माणूस तक्रार करतो की ऐकू येते, पण शब्द कळत नाही.

या पेशींपुढे डीजे आणि ताशा सारखेच. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसायचा असे धरले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक मात्र २४ तासांहून अधिक चालते, आणि त्याआधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी सराव. आपल्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ती तेथे राहणाऱ्यांसाठी. टिपरू हाती घेतलेल्या पोराचा कान या सगळ्या वादात कोणाच्याच बाजूला नाही.

जर्मन सोवळे आहेत असे नाही. रविवारी गवत कापायचे यंत्र लावले तर दार ठोठावणारा शेजारी आदल्या रात्री ज्या मैफलीत नाचलेला असतो, तेथे अर्ध्या तासाच्या सरासरीने ९९ डेसिबलपर्यंतचा आवाज येथील मानकाला मान्य आहे. फक्त ९५ च्या वर गेल्यास प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे उपलब्ध करून द्यावे लागतात.

तेच बोळे मी गेल्या वर्षीपासून आमच्या मराठी मंडळाच्या पथकात वाटतो. मुले ते बोटांत वळून निमूटपणे कानात घालतात. व्हिडिओ पाहून काका म्हणाले, ‘कानात बोळे घालून कसला ताल कळणार?’ ताल हाताला आणि छातीला कळतो, असे मी म्हणालो. ते त्यांना दोनदा सांगावे लागले.