पेस्ट म्हणजे फक्त व्हॅल्यू, हेच डिफॉल्ट हवं

रोज शीटवर काम करणाऱ्यांनी हे नक्की वाचा. एक्सेलमध्ये साधं कंट्रोल व्ही केलं की नुसता आकडा येत नाही, त्याच्यामागे फॉर्म्युला, रंग, बॉर्डर, कंडिशनल फॉरमॅटिंग (म्हणजे अटीप्रमाणे आपोआप बदलणारे रंग) असं सगळं लटांबर येतं आणि त्या सेलमध्ये आधी जे होतं ते गुपचूप पुसलं जातं. माझं स्पष्ट मत आहे, डिफॉल्ट पेस्टने फक्त व्हॅल्यू, म्हणजे सेलमधला नुसता आकडा किंवा मजकूर, यायला हवी, बाकीचं ज्याला पाहिजे त्याने मागून घ्यावं.

सगळ्यात जास्त राग येतो तो डेटा व्हॅलिडेशनच्या, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणाऱ्या नियमांच्या, बाबतीत. कोणीतरी मेहनतीने ड्रॉपडाउन लावतं, ठरलेलीच नावं यावीत म्हणून, आणि दुसरा कोणी येऊन वरून पेस्ट मारतो. चुकीचं टाइप केलं तर एक्सेल अडवतं, पण पेस्ट केलं तर अडवत नाही, उलट दुसऱ्या सेलवरून साधं पेस्ट केलं की तो ड्रॉपडाउनच उडतो, मग चेकिंग करणाऱ्याला वाटत राहतं की कॉलम सुरक्षित आहे! प्लीज, दुसऱ्याच्या फाइलमध्ये तरी असं करू नका.

आणि ही काही बारीक गोष्ट नाही हो. 2003 मध्ये कॅनडातल्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीच्या लिलावातल्या बोलीच्या शीटमध्ये कट-पेस्ट करताना ओळी इकडच्या तिकडे झाल्या आणि 24 दशलक्ष डॉलरचा फटका बसला.

नवीन एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये कंट्रोल शिफ्ट व्ही दाबा, नुसती व्हॅल्यू येते. जुन्या एक्सेलमध्ये कंट्रोल ऑल्ट व्ही, मग व्ही, मग एंटर. रो हाताने हाइड केलेल्या असतील तर कॉपी करायच्या आधी ऑल्ट आणि सेमीकोलन दाबा, म्हणजे दिसतंय तेवढंच सिलेक्ट होतं, नाहीतर लपवलेल्या रो पण सोबत जातात. फिल्टर लावलेल्या शीटवर मोठा ब्लॉक पेस्ट करणं तर टाळाच, खाली लपलेल्या रोवर पण डेटा पडतो आणि ते फिल्टर काढेपर्यंत कळत नाही.

बाहेरून नंबर आणताना अजून एक. एक्सेल 15 अंकच नीट धरतं, त्यामुळे 16 अंकी कार्ड नंबरचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर सरळ गायब. म्हणून आधी कॉलम टेक्स्ट करा, मग व्हॅल्यू पेस्ट करा. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही, मूळ फाइलच पुन्हा उघडावी लागते.