डोमेन विकायचंय? मग आधी भीड बाळगायला शिका

अभिनंदन! आंब्याचा, मसाल्याचा नाहीतर होमस्टेचा धंदा काढायचा म्हणून तुम्ही कधीकाळी एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेऊन ठेवलं होतं. धंदा निघाला नाही, पण नाव आता कोणीतरी विकत मागतंय. घाई करा. अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत. (रोजच येतात, पण ते असो.)

किंमत सांगताना मन मोठं ठेवा. दिल्लीतल्या एका डेव्हलपरने २०२३ मध्ये 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' घेतलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. ती बातमी वाचून माझ्या ओळखीतले निम्मे लोक कंपन्यांची नावं जोडून डोमेनं घेत सुटले. कंपनीने नकार कळवला, नाव दुबईतल्या दोन मुलांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं, हा पुढचा भाग कोणी वाचला नाही. तुम्हीही वाचू नका. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेलं नाव काढून घ्यायची यूडीआरपी नावाची सोय १९९९ पासून आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी आहे. पण उगीच कशाला मूड घालवा.

मग परदेशातल्या कोणा सज्जनाची मेल येईल. पाच हजार डॉलर देतो, फक्त नावाच्या मूल्यांकनाचं सर्टिफिकेट लागेल, तेही अमुकच ठिकाणचं. लगेच फी भरा. सर्टिफिकेट येईल, सज्जन येणार नाहीत.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, बंद करून टाका, म्हणजे गिऱ्हाइकाला लॉगिन देताना अडचण नको.

रिन्यूअलची तारीख? सोडा हो.

पैसे घेताना त्यांनी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि आपला यूपीआय पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, असं बँका घसा फोडून सांगतात, पण बँकांचं आपण कधी ऐकलंय!

आता मुख्य गोष्ट, ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायची किल्ली. रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून नाव घेतलं त्या कंपनीच्या, साइटवर जा, नावाचं लॉक काढा, कोड कॉपी करा आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. पैसे नंतर येतीलच. आधी पैसे मागणं बरं दिसत नाही.

हे बरं दिसण्याचं प्रकरण मी नुकतंच भोगलंय. गिऱ्हाईक ओळखीतून आलेलं, वाक्यागणिक 'सर'. "सर, कोड टाका ना, माझा मुलगा लॅपटॉप उघडून बसलाय, संध्याकाळी पैसे करतो." मी म्हटलं, एस्क्रोने करू, म्हणजे पैसे आधी तिऱ्हाइताकडे ठेवू, दोघांनाही बरं. "म्हणजे विश्वास नाही का सर?" पाठोपाठ एनईएफटीचा स्क्रीनशॉट आला. रक्कम बरोबर, माझं नाव बरोबर, व्यवहाराच्या यूटीआर नंबरच्या जागेवर नेमका अंगठा. खात्यात काही नाही. का, तर "शनिवार आहे ना सर, बँक बंद." एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीही, दर अर्ध्या तासाला बॅच सुटते. याची बॅच तेवढी शनिवार पाळते!

मी कोड दिला नाही. तर ज्यांनी गिऱ्हाईक आणलं त्या काकांचा फोन. "अरे, घरोब्यातला माणूस आहे. काय वाटलं असेल त्याला?" त्याला काय वाटलं! खोटा स्क्रीनशॉट पाठवताना त्याला काही वाटलं नाही, आणि उद्धट मी? याच काकांनी गावाकडची दोन गुंठे विकताना सख्ख्या भाच्याकडून इसार मोजून घेतला, पावतीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. माझं नाव मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते आधी द्यायचं आणि पैशांची वाट बघत बसायचं. "पाचशे-सातशेची तर वस्तू," म्हणाले. मग त्याने दुसरी घ्यावी की पाचशेची!

अहो, कोड म्हणजेच माल आहे. लॉक काढलेल्या डॉट कॉमचा कोड दुसऱ्या रजिस्ट्रारकडे टाकला की तुम्हाला एक मेल येते, आणि पाच दिवसांत हरकत घेतली नाही तर तुमचा होकार धरला जातो. ती मेल जाते तुमच्या कॉलेजच्या जमान्यातल्या आयडीवर, ज्याचा पासवर्ड तुम्हाला आठवत नाही. मग जा पोलीस ठाण्यात आणि हवालदाराला समजावत बसा की चोरीला 'नाव' गेलंय.

चेष्टा पुरे. पैसे आल्याशिवाय कोड द्यायचा नाही, लॉक काढायचं नाही, लॉगिन तर कधीच कोणाला द्यायचं नाही. समोरचा रुसला तर रुसू दे. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हेच काम करतंय. गिऱ्हाईक पैसे त्यांच्याकडे भरतं, ते तुम्हाला कळवतात, तुम्ही नाव देता, गिऱ्हाईक मिळालं म्हणतं, मग पैसे तुमच्याकडे येतात. फी कोण भरणार ते आधी ठरवा. गिऱ्हाइकाने पाठवलेली एस्क्रोची लिंक उघडू नका, तसल्या नकली साइट ढिगाने आहेत. पत्ता स्वतः टाइप करा, आणि पैसे जमा झाले का ते मेलमध्ये नव्हे, तिथे लॉगिन करून बघा. एवढं करून फसलातच तर फॅमिली ग्रुपवर रडत बसू नका. त्याच क्षणी १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा आणि रजिस्ट्रारला लेखी कळवा.

आणि काका, तुमचा माणूस एवढा भरवशाचा असेल तर त्याच्या वतीने पैसे तुम्ही भरा. आज भरा, एनईएफटीने. कोड अर्ध्या तासात तुमच्या हातात देतो, तुम्ही तो त्याला खुशाल उधारीवर द्या.