दर्जा आणि दरारा

2025च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर मागेही घेतला गेला; पण आमच्या व्हॉट्सॲप गटांवर तो अजून लागू आहे. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात बसून मी ही भांडणं वाचतो आणि मराठीच्या बाजूने हटकून दोन ओळी टाकतो. सक्ती नकोच होती. पण मराठीचं काय होणार, हा प्रश्न आपण दर वेळी शाळेच्या वेळापत्रकापाशी आणून सोडतो. ऑक्टोबर 2024मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढ्यांपाशी सोडला होता.

या राज्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत चातिनो लोक राहतात. मका, घेवडा आणि कॉफी ही त्यांची शेती. कॉफीच्या मळ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावांच्या सामाईक जमिनी गिळल्या, वर करांचा बोजा आला, आणि 1896मध्ये तिथल्या हुकिला गावात उठाव होऊन तो चिरडला गेला. आज चातिनो बोलणारे 50,000च्या आसपास आहेत. मराठी सव्वाआठ कोटींची. तुलनाच नको, असं कुणीही म्हणेल.

तरी करतोच. सान हुआन कियाहिहेसारख्या गावात पक्षाच्या तिकिटावर पुढारी निवडत नाहीत, सभा माणसं नेमते. तरुणपणी निरोप्या-शिपायाचं काम करायचं आणि वर्षानुवर्षं एकेक पायरी चढत कारभारी व्हायचं, तेही बहुधा बिनपगारी. रस्ता, पाणी, देऊळ यांसाठी श्रमदान चुकत नाही. त्याला तिथे ‘तेकिओ’ म्हणतात. बायकांना या पायऱ्यांवर फार काळ जागा नव्हती, तेव्हा हे रामराज्य वगैरे नाही. पण नवे कारभारी सूत्रं घेतात, तेव्हा जाणती माणसं चातिनोत लांबलचक, जोडओळींनी बांधलेली भाषणं करतात. त्या बोलीत सुरांचे दहाहून अधिक प्रकार आहेत. सूर बदलला की अर्थ बदलतो. असं बोलता येणाऱ्याला गावात मान आहे. मला हेवा वाटतो तो याचा. आपल्याकडे मंत्रालयाची मराठी वाचून अर्जदार वकील शोधतो.

मेक्सिकोने 2003च्या कायद्याने आदिवासी भाषांना स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा मानलं. तरी दवाखाना आणि कोर्ट स्पॅनिशमध्येच चालतं, आणि कामासाठी अमेरिकेत गेलेल्यांची मुलं इंग्रजीत वाढतात. एमिलियाना आणि इलारिया क्रूस या कियाहिहेच्या दोघी बहिणी टेक्सास विद्यापीठात डॉक्टरेट करता करता आपल्याच भाषेचं लेखन आणि ध्वनिमुद्रण करायला लागल्या. हे काम कायद्याने नाही, माणसांनी उभं केलं.

आता गटावर न आवडणारी गोष्ट. हिंदीपुढे आपण स्वतःला चातिनो समजतो; गोंडी, कोरकू या आपल्याकडच्या आदिवासी भाषांपुढे मात्र आपण स्पॅनिश आहोत. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. आपल्याच शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. हिंदीसक्तीविरुद्ध लिहिणाऱ्या आमच्या गटांपैकी एकावरही त्या नोटिशीबद्दल ओळ आली नाही. आज मी ती टाकणार आहे. निदान ‘मान्यता द्या’ एवढी मागणी तरी आपल्या यादीत हवी.