‘तिकीट वसूल’च्या नादात पोरगं रडतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘लहान मुलांना घेऊन थीम पार्क’ या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे, फक्त पार्कचं नाव काढलंय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही 2 वर्षं 8 महिन्यांच्या मुलीला घेऊन कोल्हापुरातून लांबच्या एका पार्कला गेलात. घरी तिची उंची 89 सेंमी भरली होती, गेटवर 91 निघाली, आणि 90 च्या वर म्हणून तिचंही तिकीट पडलं. आम्ही ‘सोप्या’ म्हटलेल्या अंधाऱ्या राइडमध्ये ती घाबरली ती दिवसभर कडेवरून उतरली नाही. डबा गेटवरच ठेवून घेतला. शेवटी तुमचा प्रश्न: ‘एवढ्या पोरांना काय कळतंय त्यातलं? रंकाळा तलावाकाठी पन्नास रुपयांत हेच मिळतं. येत्या जानेवारीत पाहुणे परत चला म्हणतायत, न्यायचं का नाही तेवढं सांगा.’

तुमचा निम्मा राग आमच्या लेखावर आहे आणि तो रास्त आहे. ‘गेट उघडताना आत, गेट मिटताना बाहेर’ हे वाक्य आम्ही मोठ्यांच्या डोक्याने लिहिलं होतं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला ते लागू होत नाही. ते वाक्य आज लेखातून काढलं.

आधी उंचीचं. दोन सेंटीमीटरचा फरक बहुतेक वेळा मोजण्याच्या पद्धतीत असतो. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी दवाखान्यात झोपवून मोजतात, आणि ती उभ्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंमी जास्त भरते. घरी मूल भिंतीला टेकत नाही, गुडघे वाकवतं, वर बघतं, मग उंची कमी भरते. गेटवर बूट काढायला सांगतातच असं नाही, मग तिथे जास्त भरते. शिवाय माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा जवळपास सेंटीमीटरभर उंच असतो, आणि गेटवर आपण सकाळीच उभे असतो. म्हणून बूट, क्लिपा, बुचडा काढून टाच, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लावायची. नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून पेन्सिलची खूण करायची आणि जमिनीपासून टेपने मोजायचं. सकाळी उठल्या उठल्या तीनदा. आलेला आकडा मर्यादेच्या दोन सेंमी आत-बाहेर असेल तर तिकिटाचे पैसे धरूनच निघायचं, गेटवर वाद घालण्यात सकाळचा अर्धा तास जातो. मर्यादाही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. वंडरलाच्या पार्कांत 85 सेंमीखाली तिकीट नाही आणि 85 ते 140 ला बालतिकीट, तर हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये उंची न बघता वय बघतात आणि 3 वर्षांखाली फुकट सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलींची मधली उंची 2 वर्षांना 85.7, 3 ला 95.1 आणि 4 ला 102.7 सेंमी आहे. म्हणजे 85 ची मर्यादा असेल तर दोन वर्षं पुरी झालेल्या निम्म्याअधिक मुलींचं तिकीट लागणारच.

हाच तक्ता राइडसाठी उलटा वाचायचा. 120 सेंमीची अट असलेली राइड साधारण सात वर्षांच्या मुलाची झाली. तीन-चार वर्षांच्या मुलाला पार्कातला छोटा कोपराच उघडा असतो, आणि जाहिरातीत दिसणारं बहुतेक सगळं बंद. ही अट भित्र्या-धीटपणाची नसते. मांडीवर येणारा दांडा सगळ्यात जाड मांडीला टेकला की थांबतो. बाप आणि पोर एकाच दांड्याखाली असतील तर दांडा बापाच्या मांडीवर अडतो आणि पोराच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. झटका बसला की पोर खालून सरकतं. त्यात या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. म्हणून ‘मी धरतो की त्याला’ हे ऑपरेटरला सांगून उपयोग नाही, वेगात वळणारं मूल हाताने धरून राहत नाही. गोल फिरणाऱ्या गाड्यांत तर मुलाला नेहमी आतल्या बाजूला बसवा आणि मोठ्याने बाहेरच्या बाजूला बसा. फिरताना अंग बाहेर ढकललं जातं. मूल बाहेर बसलं तर तुमचं सत्तर किलो त्याच्यावर येतं.

अजून एक, कारण हे सगळेच करतात: घसरगुंडीवर मुलाला मांडीत घेऊन घसरू नका. मुलाचा बूट कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो, मूल एकटं असतं तर थांबलं असतं, पण मागून तुमचं वजन पुढे जात राहतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी मोठी आहे.

अंधाऱ्या राइडबद्दल चूक आमचीच. वेग कमी म्हणून आम्ही ‘सोपी’ लिहिलं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला वेगापेक्षा अंधार आणि अचानक येणारा आवाज जास्त खातो, आणि समोरचा राक्षस पुठ्ठ्याचा आहे हे त्याला पटवून देता येत नाही. पहिली राइड अशी निवडायची की जी बाहेर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. घोड्यांचा चक्री पाळणा त्यासाठी उत्तम. दोन फेऱ्या नुसत्या बघू द्या, तिसऱ्यात बसवा, आणि तेही उभ्या घोड्यावर नाही, बाकावर. बंद दारामागची राइड असेल तर रांगेत शिरण्याआधी बाहेर पडायच्या दाराशी पाच मिनिटं थांबा आणि आपल्या मुलाच्या वयाची पोरं कोणत्या तोंडाने बाहेर येतात ते बघा. ऑपरेटरला चार गोष्टी विचारा: पूर्ण अंधार होतो का, मोठा आवाज आहे का, तोंडावर पाणी किंवा हवा येते का, गाडी खाली पडते का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तीन वर्षांखालच्याला नको. मोठाल्या कार्टूनच्या वेशातल्या माणसांचंही तसंच. दहा फुटांवरून हात हलवू द्या, फोटोसाठी कडेवर ढकलू नका. आणि मूल एकदा घाबरलं की ‘आता पुढची मजेची आहे’ म्हणत दुसऱ्या रांगेत नेऊ नका. सावलीत बसून खाऊ-पाणी करायचं, अर्धा तास काही नाही. तुमचा दिवस बहुधा त्या अर्ध्या तासात हातून गेला.

आता मूळ मुद्दा, पैशाचा. एवढ्या मुलाचं तिकीट कमीच असतं, खरा खर्च दोन मोठ्यांच्या पूर्ण तिकिटांचा. आणि तिकीट पूर्ण दिलं म्हणून पूर्ण दिवस काढायचा, इथे घोडं पेंड खातं. या वयाचं मूल पार्कात चांगल्या मनाने साडेतीन तास टिकतं, फार तर चार. दहाला आत गेलात तर दीडला त्याची झोपेची वेळ. मेच्या उन्हात तर अकरा ते चार बाहेर काढूच नये. स्टीलचं किंवा फायबरचं आसन तापलेलं असतं, आधी हाताची मागची बाजू टेकवून बघा. बाबागाडीवर ओढणी टाकून सावली करतात तेही नको. आत हवा कोंडते आणि गाडीची भट्टी होते. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, मुलाने मागितलं नाही तरी. डायपर चार-पाच तास कोरडा राहिला किंवा रडताना डोळ्यांतून पाणी येईना, तर राइड सोडून आधी सावली आणि ओआरएस. ओआरएस म्हणजे औषधाच्या दुकानातली मीठ-साखरेची पुडी. मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवायची, चिमटीने पेल्यात नाही. खोक्यातली गोड पेयं वेगळी, त्यांच्या नावातला ओआरएस हा शब्द एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने 2025 मध्ये काढायला लावला.

साडेतीन तासांत मुलाच्या पाच-सहा राइड होतात. मोठ्यांना वेगवान राइडमध्ये बसायचं असेल तर आलटून पालटून जा. डिस्नेच्या पार्कांत यासाठी रीतसर सोय आहे. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा उतरला की पहिला पुन्हा पूर्ण रांग न लावता बसतो. इतरत्र रांगेच्या तोंडाशी विचारून पाहा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कोल्हापूरकरांना त्यात अंतर नडतं. खोपोलीचं इमॅजिका पार्क इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोलनाके, खंबाटकीचा बोगदा, मग पुण्याची गर्दी. पहाटे चारला झोपेतून उचललेलं पोर दहाला पार्काच्या दारात आधीच दमलेलं असतं. आदल्या दिवशी जाऊन पुण्यात किंवा पलीकडे मुक्काम करा, नाहीतर बेतच रद्द करा, मधला मार्ग नाही. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांनंतर वाढत जातो. घाटात मोबाइल बंद, नजर समोरच्या काचेतून रस्त्यावर, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. (मोठ्यांनी वाटेत तांबड्या तर्रीची मिसळ मारायला हरकत नाही, पण मुलाला पावाचा तुकडा त्यात बुडवून देऊ नका.) बालवाडीतल्या मुलाला परीक्षा नसते, हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे. दिवाळी आणि मेची सुटी मोठ्या भावंडांना सोडा आणि जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार धरा.

डब्याचं दुखणं खरं आहे. बाहेरचं खाणं आत चालत नाही हा बहुतेक पार्कांचा नियम, पण बाळाचं खाणं आणि औषध यांना सहसा सूट असते. ती फोनवर नेमकी विचारायची: ‘अडीच वर्षांची मुलगी आहे, मऊ भात आणि केळी चालतील का?’ सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. दुधातला भात उन्हात तीन-चार तासांत नासतो, त्यापेक्षा केळी, खाकरा, राजगिऱ्याची वडी. भडंग न्यायचा मोह होईल, पण चार वर्षांखाली त्यातले शेंगदाणे श्वासनलिकेत अडकतात. पार्कातल्या मक्याच्या लाह्याही त्याच कारणाने नकोत. जेवण आणि फिरणारी राइड यांत पाऊण तास जाऊ द्या.

पाण्याचा भाग असेल तर साधा डायपर पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. पोहण्याचा डायपर वेगळा मिळतो, पण तो लघवी थांबवत नाही, म्हणून पाण्यात जाताना घाला आणि बाहेर येताच बदला. निळा पोहण्याचा पोशाख पाण्यात दिसत नाही, भडक नारिंगी घ्या. दंडात घालायचे हवेचे फुगे म्हणजे खेळणं, त्यांच्या भरवशावर सोडू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि ओरडत नाही, त्यामुळे हात पोचेल एवढ्याच अंतरावर राहायचं. ओठ निळे पडले की बाहेर, मग ते कितीही ‘अजून’ म्हणो. गेटवर शिरताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढा आणि दंडाच्या आतल्या बाजूला मोबाइल नंबर पक्क्या पेनाने लिहा.

रंकाळ्याबद्दल: तीन वर्षांखाली तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे, आणि लेखात आम्ही ते लिहायला हवं होतं. फक्त तिथले किंवा जत्रेतले पाळणे ‘छोटे म्हणून बिनधोक’ समजू नका. बसवण्यापूर्वी एक फेरी बघा. तिकीट फाडणारा आणि मोटर चालवणारा एकच असेल तर तो मुलांकडे बघत नाही. पाळण्याच्या साखळीला खिट्टी आहे का, सांगाड्याखाली लाकडाचे ठोकळे सैल आहेत का, फिरणाऱ्या पट्ट्यावर झाकण आहे का, एवढं नजरेने कळतं. ओढणी आणि मोकळे केस बांधून टाका. हवा भरलेल्या, उड्या मारायच्या ‘मिकी माउस’मध्ये इजा होते ती मोठी पोरं लहानांवर पडल्याने, तेव्हा दहा वर्षांची पोरं उतरल्यावरच आपलं चढवा. वारा सुटला असेल आणि दोऱ्या खुंटीला ताठ नसतील तर अजिबात नको.

‘पोरांना आठवत नाही’ हेही खरं. मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या सुमाराची असते. म्हणून आठवणीसाठी नेऊ नका. त्या दिवशी मूल खूश राहिलं तर ठीक, एवढाच हिशेब.

येत्या जानेवारीत मुलीला नेऊ नका. पाहुण्यांना जायचंच असेल तर ती आजीजवळ राहू दे आणि तुम्ही मोठ्यांच्या राइडमध्ये मनसोक्त बसा. तिच्यासाठी एक सकाळ कणेरी मठाची ठेवा. गोकुळ शिरगावजवळ, शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर. तिथल्या ग्रामजीवनाच्या संग्रहालयात सिमेंटचे बैल, शेतकरी, कुंभार खऱ्या आकाराचे उभे आहेत, आणि ते जागचे हलत नाहीत, हे या वयात फार सोयीचं. या वयात वर्षाला सात-आठ सेंमी उंची वाढते, म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमाराला ती 96 ते 99 च्या दरम्यान भरेल आणि लहान मुलांच्या बऱ्याच राइड उघडतील. तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे तीनदा मोजून आकडा आणि पार्कचं नाव इथे लिहा. त्या पार्कच्या उंचीच्या तक्त्यावरून तिला काय काय चालेल ते सांगतो.