खुलासा : कोबाशी-सासाकींचे तडाखे खरे, निकाल मात्र आधीच ठरलेला

दोन धिप्पाड जपानी पैलवान मिनिटांमागून मिनिटं एकमेकांच्या उघड्या छातीवर तडाखे हाणताहेत, अशी क्लिप ‘जपानमधली खरीखुरी कुस्ती, इथे काहीच ठरवलेलं नसतं’ या ओळीसह फिरते आहे. ते खरं नाही.

क्लिप आहे १८ जुलै २००५ची, टोकियो डोममधली. केंटा कोबाशी विरुद्ध केन्सुके सासाकी. ही व्यावसायिक कुस्ती, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसाठी रंगवलेली लढत. कोबाशी जिंकणार हे आधीच ठरलेलं होतं.

पण म्हणून ‘सगळं नाटक’ म्हणणारेही चुकतात. हाताच्या कडेचे ते तडाखे खरेच बसतात, छाती लालबुंद होते, ती रंगवलेली नसते. मला विचाराल तर लढतीची खरी गंमत तडाख्यांच्या मधल्या क्षणांत आहे. मार खाल्लेला गडी मागे सरत नाही, उलट छाती पुढे काढून ‘अजून मार’ म्हणतो. आता आधी कोण वाकणार, याची हुरहुर लागते. निकाल ठरलेला असला तरी सोसणं ठरवून होत नाही.

जोरात मारलं की लढत आपोआप चांगली होते, हाही गैरसमजच. ९ एप्रिल २०१७ला अशाच एका लढतीत कात्सुयोरी शिबाता या जपानी पैलवानाने प्रतिस्पर्धी काझुचिका ओकादाला धाडकन डोकं मारलं, प्रेक्षक थरारले. पण लढतीनंतर शिबाताच्या मेंदूवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. ती लढत आजही नावाजली जाते. मला ती धडक पुन्हा बघवत नाही.